प्रत्येक हत्याराला एक कारण

आमच्या माउंट रॉस्किलच्या घरात चोर शिरले तेव्हा आई एकटी घरात होती, आणि ती हॉट वॉटरच्या कपाटात जाऊन उभी राहिली. इथल्या जुन्या घरांत असं एक कपाट असतं. आत गरम पाण्याची उभी टाकी, तिच्या वर दोन फळ्या, फळ्यांवर टॉवेल आणि गोधड्या, त्यामुळे सगळं कायम कोमट. माणसाने उभं राहावं अशी ती जागा नव्हे. आई तिथे पाऊण तास टाकीला पाठ लावून उभी होती. चोरांनी बाबांचा जुना लॅपटॉप, माझे दोन कानातले आणि, का कोण जाणे, इडलीपात्र नेलं. लॅपटॉपचं दुःख बाबांनी चार दिवसांत गिळलं, पण इडलीपात्राचं कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. आई या सगळ्याबद्दल काहीच बोलत नसे. ती बोलायची ती एका आवाजाबद्दल. चोरांची खुडबुड बराच वेळ चालली होती, मग अचानक घराच्या मागून एक प्रचंड पुरुषी आवाज आला, ‘ओय!’ मग धावपळ, आणि मग कुणीतरी मागच्या दारावर धडाधड थापा मारू लागलं. आता हा दार फोडून आत येणार, असं तिला वाटलं. मग सगळं शांत झालं, तरी ती बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी बाबांना लेटरबॉक्समध्ये एक चिठ्ठी मिळाली. फिश अँड चिप्सच्या जाहिरातीच्या पाठीमागे, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेली: आजच्याबद्दल फोन करा. खाली एक नंबर आणि नुसतं ‘एस’. बाबांनी ती दीपककाकांना दाखवली. दीपककाका नाशिकहून इथे शिकायला आले, शिक्षण हॉटेल व्यवस्थापनाचं झालं, आणि आता ते मनुरेवा उपनगरात राहून लोकांच्या घरांना कॅमेरे बसवून देत. स्वतःच्या घराला त्यांनी पाच कॅमेरे लावले होते आणि जेवताना ते ताटाकडे कमी, फोनवर आपल्याच अंगणाकडे जास्त बघत. “दादा, अजिबात फोन करू नका,” ते म्हणाले. “हीच त्यांची पद्धत. तुम्ही फोन केलात की घरी कोण असतं, कधी असतं, सगळं कळतं त्यांना. आय हॅव सीन हीप्स ऑफ व्हिडिओज.” बाबांनी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर ‘पुरावा १’ असं लिहिलं आणि नव्या फाइलमध्ये लावली. पुरावा २ कधीच आला नाही. तरी नंबर घातलेला बरा, असं बाबांचं मत होतं. ते सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेण्याचं काम करत आणि नंबर नसलेली गोष्ट त्यांना घडल्यासारखीच वाटत नसे.

आई त्या दिवसानंतर घरात एकटी राहिनाशी झाली. सकाळी बाबांबरोबर गाडीतून निघायची, लायब्ररीत बसायची, आणि दुपारी माझ्या बसच्या वेळेला स्टॉपवर येऊन उभी राहायची. “तुला न्यायला आलेय,” म्हणायची. मी सोळा वर्षांची, माझ्या मैत्रिणींसमोर आई स्टॉपवर, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. “आई, आयॅम नॉट फाइव्ह,” मी म्हणायची. तेव्हा मी घरात इंग्रजीतच बोलायची. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून येत नसे. आज हे मराठीत लिहितेय, कारण आईची ती वाक्यं इंग्रजीत लिहायला गेलं की ती दुसऱ्याच कुणाची तरी होतात. आणि आज मला हेही लख्ख कळतं की ती मला न्यायला येतच नव्हती. माझ्याशिवाय तिला घराचं कुलूप उघडवत नव्हतं. त्या वयात मला हे समजलं असतं तर मी निदान तिच्या दोन पावलं पुढे चालले नसते.

मागच्या अंगणात उघडणाऱ्या सरकत्या काचेच्या दाराची, रँच स्लायडरची, खिट्टी चोरांनी मोडली होती. घर भाड्याचं. एजंटला कळवलं, एजंटने मालकाला कळवलं, मालकाने पुन्हा एजंटला कळवलं, आणि खिट्टी होती तशीच राहिली. तेव्हा बाबांनी अंगण झाडायच्या झाडूचा लाकडी दांडा फिरवून काढला आणि दाराच्या खाचेत आडवा टाकला. दार हलेना. बाबा खूश झाले. झाडू मात्र बुटका झाला आणि आई कंबरेत वाकून अंगण झाडू लागली, तेही आम्ही दोघं काचेतून दिसत असू तोवरच.

पुढच्याच महिन्यात इथल्या मराठी मंडळाने कम्युनिटी हॉलमध्ये ‘वैयक्तिक सुरक्षा जागरूकता’ या विषयावर व्याख्यान ठेवलं. आमच्या मंडळाचं कुठलंही व्याख्यान बटाटेवड्यांशिवाय होत नसे, त्यामुळे गर्दी चांगली होती. पुण्या-मुंबईची एवढी इंजिनियर मंडळी एका हॉलमध्ये जमली की प्रत्येकाला वक्त्यापेक्षा थोडं जास्त माहीत असतं. त्या दिवशी एक पोलीस बाई आल्या होत्या, धिप्पाड, हसऱ्या. ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुमच्या दोन्ही बाजूच्या आणि मागच्या शेजाऱ्यांची नावं कुणाकुणाला माहीत आहेत?” साठेक माणसांत दोन हात वर झाले. नंतर कळलं की ते दोघं एकमेकांचेच शेजारी होते. बाई म्हणाल्या, यापेक्षा मोठी सुरक्षा मी तुम्हाला विकू शकत नाही. सभागृहाने हे ऐकून घेतलं आणि मुद्द्याचे प्रश्न सुरू केले. बंदूक ठेवता येईल का? बाई म्हणाल्या, स्वसंरक्षण हे लायसन्ससाठी कारण चालत नाही. मिरीचा फवारा? नाही. मग मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, “लाल तिखट?” दीपककाकांनी त्याचं भाषांतर केलं. बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, स्वयंपाकासाठी ठेवलं असेल तर तो तुमचा स्वयंपाक. माणसाच्या डोळ्यांत टाकायला म्हणून ठेवलं असेल तर मला ते सांगू नका. खेळायला ठेवलेली बॅट ही बॅट असते. मारायला ठेवलेली बॅट हे हत्यार असतं.

या वाक्यावर बाबांच्या वहीतलं पेन थांबलं. शेजाऱ्यांची नावं विचारा हा सल्ला त्यांनी लिहून घेतला नव्हता, कारण त्यात काही तांत्रिक नव्हतं. हे मात्र त्यांनी लिहून खाली दोन रेघा ओढल्या. घरी येताना गाडीत ते म्हणाले, “म्हणजे हत्याराला बंदी नाही. हत्याराला कारण पाहिजे.” पुणेकर माणसाला कायद्यातली फट दिसली की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते मी त्या दिवशी गाडीच्या आरशात पाहिलं.

आठवड्याभरात आमचं घर सशस्त्र झालं. पुढच्या दारामागे बॅट आली आणि तिच्याशेजारी कारण म्हणून एक बॉल आणि डाव्या पायाचं पॅड. आईबाबांच्या खोलीत खलबत्ता आला आणि खलात सुंठेचे चार तुकडे, म्हणजे पोलीस आलेच तर आम्ही झोपण्यापूर्वी सुंठ कुटणारे लोक आहोत हे उघड दिसावं. पॅसेजमध्ये नारळ फोडायचा कोयता आला आणि त्याच्याजवळ नारळ. यात एक अडचण निघाली. नारळ टिकत नाही, आणि कुजलेल्या नारळाशेजारचा कोयता कायद्यापुढे उभा राहणार नाही असं बाबांचं म्हणणं. म्हणून दर शनिवारी पुरावा बदलायचा आणि जुना पुरावा खाऊन संपवायचा. त्या दोन महिन्यांत आम्ही नारळाच्या वड्या, ओल्या नारळाच्या करंज्या, नारळीभात, सोलकढी आणि पुन्हा वड्या एवढं खाल्लं की आजही किसलेलं खोबरं दिसलं की मला दाराच्या कड्यांचा आवाज ऐकू येतो. माझ्या खोलीत हॉकी स्टिक आली. “बाबा, आय प्ले नेटबॉल,” मी म्हटलं. बाबांनी शाळेत फोन करून माझं नाव हॉकीच्या टीममध्ये घातलं, कारण ‘कारण’ खरं असलं पाहिजे. मी ती सगळी टर्म बदली खेळाडूंच्या बाकावर कुडकुडत बसून काढली, केवळ घरातली एक काठी कायदेशीर राहावी म्हणून.

पुढच्या दाराला तीन नव्या कड्या आणि एक मोठं कुलूप लागलं. त्याची किल्ली चोराला सापडू नये म्हणून स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात तळाशी असे. घराबाहेर पडायचं तर आधी कोपरापर्यंत तांदळात हात घालायचा. बाबांनी ‘गृहसुरक्षा आराखडा’ छापून, प्लास्टिकमध्ये बंद करून फ्रीजवर लावला होता. त्याची तिसरी सुधारित आवृत्ती मला अजून आठवते. दर रविवारी पोहे झाले की सराव असे. बाबा मोठ्याने सांकेतिक शब्द ओरडायचे, ‘लोणचं!’, आणि प्रत्येकाने आपापल्या ठाण्यावर धावून आपलं हत्यार उचलायचं. चोराला मराठी येत नसणार, हा त्यामागचा विचार. परिणाम एवढाच झाला की आमच्याकडे जेवताना लोणचं मागायची सोय उरली नाही. मी बरणीकडे बोट दाखवून ‘दॅट थिंग’ म्हणायची.

या साऱ्यात आईला कुणी काही विचारलं नाही. तिला बत्ता नेमून दिला होता, ती सांगितल्याप्रमाणे बत्ता घेऊन उभी राहायची आणि बाबांनी घड्याळ बघून वेळ सांगितली की तो परत खलात ठेवून पोह्यांची कढई घासायला जायची. एका रविवारी ती तशीच बत्ता हातात घेऊन म्हणाली, “अहो, तुम्ही दोघं घरात असलात की मला भीती वाटतच नाही. तुम्ही नसताना यातलं काय उचलू मी?” बाबांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “हलका बत्ता बघूया.” आईने बत्ता खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, “शाळा संपली की मी पुण्याला जाते. हिला घेऊन. परतीचं तिकीट आत्ता काढू नका.” बाबांनी आराखड्याचा कागद उगाचच सरळ केला. मला पहिल्यांदाच जाणवलं की हे सगळं त्यांनी चोरांसाठी केलं नव्हतं. त्या दिवशी आपण घरी नव्हतो, ही एकच गोष्ट त्यांना कुठल्याच दाराला कडी लावून बाहेर ठेवता येत नव्हती.

मग नवरात्र आलं. इथे ते वसंतात येतं, शाळांना सुट्टी असते आणि अंगणात बोचरं वारं. आमच्याकडे सणाची सुरुवात खुर्चीवर चढून होत असे. छतावरचा स्मोक अलार्म फोडणीला आणि धुपाला घाबरतो, म्हणून आई तो फिरवून काढायची, गोधडीत गुंडाळायची आणि हॉट वॉटरच्या कपाटात ठेवून द्यायची. बाबांच्या आराखड्यात चोर, दरोडेखोर आणि ‘अज्ञात विक्रेते’ यांच्यावर वेगवेगळी प्रकरणं होती. आगीवर ओळ नव्हती.

खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुजायची. एरवी आमची शस्त्रं म्हणजे कात्री, स्क्रूड्रायव्हर आणि बाबांचा लॅपटॉप. त्या वर्षी आईने सकाळीच पाट मांडला आणि घरभर फिरून बॅट, हॉकी स्टिक, कोयता, बत्ता असं एकेक गोळा करू लागली. बाबा तिच्या मागे मागे. “सगळीच कशाला? एखादं बॅकअप म्हणून राहू दे ना.”

“शस्त्रं घरात आणायची हे तुम्ही ठरवलंत,” आई म्हणाली. “ती पुजायची कशी ते मी ठरवीन. आणि एकदा पूजा झाली की उद्या उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हलवायची नाहीत.”

शेवटी ती स्लायडरपाशी गेली आणि खाचेतून झाडूचा दांडा उपसला. “हा तर बिचारा रोज पहारा देतो. याला आधी हळद लावायची.”

“अगं, मग दार?”

“दारासमोरच तर बसणार आहोत तिघं. भर दुपारी कोण येतंय?”

नैवेद्याला कडाकण्या होत्या. रवा-मैद्याच्या त्या पातळ, गोड, कडक पुऱ्या तळून देवीवर टांगायच्या. आई शेवटचा घाणा काढून पूजेला आली आणि मला म्हणाली, “जा, गॅस बंद करून ये. आणि दार लावून घे, वास बसतो कार्पेटला. पुढच्या आठवड्यात एजंटचं इन्स्पेक्शन आहे.” आमच्याकडे गॅस नव्हता, विजेच्या चकत्यांची शेगडी होती, पण आईच्या तोंडी अजूनही गॅसच आहे. मी गेले, एक बटण बंद केलं, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मागच्या चकतीचं बटण बंद केलं होतं. कढई पुढच्या चकतीवर होती. हे मी त्यानंतर कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही.

बाबांनी सोवळं नेसून घंटा घेतली, आईने टाळ घेतले, आणि देवीची आरती सुरू झाली. धूप, कापूर, तळणीचा वास, सगळं एकात एक मिसळलेलं. बॅटीवर, बत्त्यावर, कोयत्याच्या पात्यावर हळदीकुंकू आणि एकेक झेंडूचं फूल. दुसरी आरती चालू असताना मला काचेतून दिसलं की मागच्या कुंपणावर एक हात आला. मग एक पाय. मग एक भलामोठा माणूस, डोक्यावर हूडी, पायात अर्धी चड्डी आणि एकच जांडल, म्हणजे रबरी चप्पल, आमच्या अंगणात धपकन उतरला आणि सरळ आमच्याकडे धावत आला. त्याने काचेवर पंजा आपटला आणि ओरडला, “ओय!”

आईच्या हातातले टाळ थांबले. “तोच,” ती म्हणाली. “तोच आवाज.”

“लोणचं!” बाबा ओरडले.

दोन महिन्यांचा सराव वाया गेला नव्हता. मी माझ्या खोलीत धावले आणि बाबा पुढच्या दाराकडे. माझ्या खोलीत हॉकीचे बूट होते. पुढच्या दारामागे बॉल होता, डाव्या पायाचं पॅड होतं. पॅसेजमध्ये नारळ होता. घरभर कारणं आपापल्या जागी होती, हत्यार एकही नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांवर आपटत परत पाटापाशी आलो. काचेवर थापा चालूच होत्या. बाबांनी हात लांब करून कोयत्याची मूठ धरली.

आईने आपला तळहात पात्यावर ठेवला. आडवा, घट्ट. “उत्तरपूजा झालेली नाही,” ती म्हणाली.

बाबा म्हणाले, “सोड.” ती म्हणाली, “नाही.” माझ्या आठवणीत हे फार वेळ चाललं, पण प्रत्यक्षात दोन-तीन सेकंद असतील. तेवढ्यात त्या माणसाने दाराला सहज हात लावला आणि दार सरकलं. खाचेत दांडा नव्हता ना. तो दांडा पाटावर हळद लावून बसला होता.

“किचन, ब्रो!” तो माणूस म्हणाला. “युअर किचन्स ऑन फायर!”

बाबा मूठ धरून तसेच. तो आमच्या मधून, पूजेला नीट वळसा घालून, स्वयंपाकघराकडे गेला. त्याने दार उघडलं तेव्हा काळ्या धुराचा लोट बाहेर आला आणि त्याच्या आत कढईतून उठलेली ज्वाळा मी पाहिली, वरच्या कपाटापर्यंत गेलेली. त्याने भिंतीवरचं शेगडीचं मोठं बटण बंद केलं, ओट्यावरची परात उचलली आणि कढईवर पालथी घातली. “आउट, आउट, एव्हरीबडी,” म्हणत त्याने आम्हा तिघांना दंडाला धरून अंगणात आणलं. पुढच्या दाराची किल्ली तांदळाच्या डब्यात होती. तांदळाचा डबा शेगडीच्या बाजूलाच होता. हा हिशेब माझ्या डोक्यात हिरवळीवर उभी राहिल्यावर झाला.

त्याचं नाव सियोने. टोंगाचा. आमच्या बरोबर मागच्या घरात, कुंपणापलीकडे, आईबरोबर राहायचा आणि गोदामात पाळ्या करायचा. आम्ही त्या घरात चार वर्षं होतो आणि तो आमच्याही आधीपासून. काखेत कळसा असताना बाबा गावाला नुसता वळसा घालून थांबले नव्हते, त्यांनी गावाचा नकाशा प्लास्टिकमध्ये बंद केला होता. सियोने तापलेली बोटं बागेच्या नळाखाली धरून आईला म्हणाला की स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरच्या झडपेतून धूर दिसला, हाका मारल्या, पण तुमच्याकडे घंटा चालू होत्या. मग नळ बंद करून त्याने विचारलं, “त्या दिवशी तुम्ही घरात होता का? दोन जणं पिशवी घेऊन निघाली होती. मी ओरडलो तशी पळाली. मग मी दार खूप वाजवलं, कुणी आत आहे का बघायला. उत्तर नाही आलं. लेटरबॉक्समध्ये नंबर टाकला होता.”

मी भाषांतर करायची गरज नव्हती. आई हिरवळीवर बसली. मग बाबा धुरकटलेल्या घरात गेले, ती फाइल घेऊन आले आणि त्यांनी ‘पुरावा १’ प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढला. तो कागद त्यांनी सियोनेला दाखवला. मग सोवळ्यातच ते आईशेजारी गवतात बसले आणि रडू लागले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण माझे बाबा लोकांवर नेहमी वापरत. संन्याशाच्या मानेपासून त्यांचा हात किती दूर होता हे त्यांना ठाऊक होतं. सियोने बिचारा अवघडून उभा होता. “इट्स ऑल गुड, ब्रो,” तो म्हणाला. आणि मग विषय बदलायला म्हणून, “व्हॉट्स लोनच्या?” आईने डोळे पुसले, आत जाऊन काजळी धरलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली, पदराने पुसली आणि त्याच्या हातात दिली.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी आता त्या वेळच्या आईच्या वयाला आले आहे, हॅमिल्टनला असते, आणि आई माझ्याजवळ. तिला हल्ली कालचं आठवत नाही पण तेव्हाचं आठवतं. काही वर्षांपूर्वी मी तिला विचारलं की तू कोयत्यावर हात का ठेवलास, तुला तर वाटत होतं की तोच चोर. ती आधी म्हणाली, “पूजा मोडली असती.” मग भाजीची एक अख्खी जुडी निवडून झाल्यावर म्हणाली, “चोर काय, घेऊन घेऊन काय नेणार. यांच्या हातून काही झालं असतं तर मी कुणाबरोबर राहिले असते?” एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने बाबांना कधी सांगितलं होतं का, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. मी मात्र तेव्हा तिला मागच्या चकतीचं सांगून टाकलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं गं. नंतर बटणं मीच पुसली ना.”

त्या वर्षी दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. स्वयंपाकघराचं छत काळं पडलं होतं, आणि बाबांनी सगळ्यात आधी अलार्म गोधडीतून काढून परत बसवला. शस्त्रांवरची फुलं आईने उतरवली आणि बाबांनी सवयीने बॅट उचलून पुढच्या दाराकडे पाऊल टाकलं. मग ते थबकले, माघारी आले आणि बॅट माझ्या हातात देऊन म्हणाले, “गॅरेजमध्ये ठेव.” आईने पाटावरून झाडूचा दांडा उचलला. त्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती.

“अगं, मग या दाराला काय लावू?” बाबांनी विचारलं.

“एजंटला फोन लावा,” आई म्हणाली.

आपटा इथे मिळत नाही. तिने अंगणातल्या झाडाची दहा-बारा कोवळी पानं तोडून पदराच्या टोकाला बांधली, सोनं म्हणून सियोनेच्या आईला द्यायला. दांडा फिरवून फिरवून झाडूला घट्ट बसवला. मग आम्हाला दोघांना म्हणाली, “तुम्ही जा आत, मला सोबत नको,” आणि काचेचं दार बाहेरून सरकवून लावलं. बाबा आणि मी आत उभे होतो. आई सरळ ताठ उभी राहून, आमच्याकडे एकदाही मागे न बघता, अंगण झाडत झाडत कुंपणापर्यंत गेली.